गरुडाची पिसं

पप्पांच्या शेजारी बसायला मिळावं, एवढ्याचसाठी चौदा वर्षांची मार्लीन चांदीच्या जुन्या डॉलरांमधले बारीक फरक शिकली. शनिवारी अमेरिकेतल्या डेटन शहराच्या नाणेसंग्राहक मंडळात पप्पांनी एक डॉलर सगळ्यांना दाखवला. "हा साधाच. गरुडाच्या शेपटीत सात पिसं."

"पप्पा, भिंगातून बघा ना! सात पिसांच्या खालून जुन्या ठशातल्या आठ पिसांची टोकं डोकावतायत. हा दुर्मीळ आहे!"

नाणं हातोहात फिरलं. एक सभासद पप्पांना म्हणाला, "व्हर्जिल, पोरगी तुझ्या वरताण निघाली रे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पप्पाही हसले.

गाडीत ती शाबासकीची वाट बघत राहिली. घरापाशी पप्पांनी इंजिन बंद केलं.

 

"पुढच्या शनिवारपासून तू घरीच थांब. आईला स्वयंपाकात मदत होईल."