रविवारची मतं

"पावसात गुडघाभर पाणी तुंबतं त्या शहरात बॅटरीची गाडी घ्यायची?" गुरुदत्त भातावर वरण ओतत म्हणाले. "चालू इस्त्री हातात घेऊन पोहायला उतरण्यासारखं आहे ते."

पारमिता हसली. जरा उशिरा, पण मनापासून.

"बघ, कळत नाही तरी हसते बिचारी," सुचित्राबाई मुलाला म्हणाल्या. "गुणाची आहे हो तुझी बायको."

कळलं होतं तिला. दह्याच्या मडक्याला टेकवून तिचा नवा फोन उभा होता आणि टेबलावरचं मराठी बंगाली होऊन त्याच्यावर ओळीओळीने सरकत होतं. लग्न होऊन कोलकात्यातल्या या घरात आल्यापासून दर रविवारी हेच चालायचं. सासू, सासरे आणि विहंग मराठीत रंगात यायचे आणि ही आपल्या ताटाकडे बघत बसायची. मधेच तिच्यासाठी हिंदीत एखादं वाक्य यायचं, अजून भात घे, लाजू नकोस. सासऱ्यांच्या विनोदाला एकदा तरी सगळ्यांबरोबर हसायचं, एवढंच आज तिच्या मनात होतं. जेवणं झाली की फोन वळवून दाखवणार होती. केवढे चकित होतील सगळे!

तशी ती सध्या खुशीतच होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट म्हणून राबल्यावर सियालदहला तिच्या स्वतःच्या दवाखान्यासाठी दोन खोल्या मिळाल्या होत्या. दुर्गापूजेनंतर तो उघडायचा होता.

गुरुदत्त रेल्वेच्या गार्डन रीचच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांचं मत कुणी विचारलं नसावं, कारण सगळी मतं त्यांनी सॉल्ट लेकच्या या टेबलासाठी राखून ठेवली होती. ट्राम वाचवा म्हणून ओरडणारे सगळे मोर्च्याला मोटारीने येतात. फोनला तीन-तीन डोळे कशाला हवेत, माणूस दोन डोळ्यांनी असं काय बघतो? बातम्या बघाव्यात, पण आवाज बंद करून. पारमिता वाचत होती आणि ओठ दाबून हसत होती. इतका मजेदार माणूस रोज समोर बसून जेवतो आणि आपल्याला पत्ताच नाही!

"आणि तुझी ती गाडी," गुरुदत्त विहंगकडे वळले. "ती पुण्याला न्यायच्या भानगडीत पडू नकोस. इथलं पासिंग आहे. तिकडे परत टॅक्स भरा, आरटीओत खेटे घाला. जायच्या आधी इथेच विकून मोकळा हो."

यंत्र चुकलं, असं पारमिताला वाटलं. मघाशी त्याने मटकीच्या उसळीचंही भलतंच काहीतरी केलं होतं.

"विकणारच आहे," विहंग म्हणाला. "जानेवारीत तिथे हजर व्हायचंय. बदलीला मी हो म्हणून टाकलंय ऑफिसात."

"आणि हिला कधी सांगणार?" सुचित्राबाईंनी आवाजसुद्धा खाली आणला नाही. कशाला आणतील? कोलकात्यात मराठीत बोललं की दार लावून घेतल्यासारखंच होतं. "ती तिथे खोल्यांना रंग देत बसली आहे."

"पूजा तर होऊ दे, आई. आत्ता सांगितलं तर रडारड करील. तोवर लावू दे बोर्ड. खूश राहील."

"मीच सांगते मग, हळूहळू. माझं ऐकते ती."

यंत्र चुकत नव्हतं. बोर्ड निळा की हिरवा, यावर हाच विहंग काल तिच्याबरोबर पेंटरच्या दुकानात उभा होता. निळा उठून दिसेल, म्हणाला होता.

तरी तिने त्याला एक संधी दिली. त्याच्या बाजूला कलून बंगालीत हळूच विचारलं, "बाबा काय म्हणतायत?"

"बाबा? काही नाही गं, गाड्या. पेट्रोलची बरी की बॅटरीची." तो हसला आणि त्याने तिच्या वाटीत दही वाढलं. "घे ना."

इतक्या सहज बोलला तो, की आजवर त्याने "गाड्या" म्हणून सांगितलेल्या सगळ्या रविवारांची तिला भीती वाटली. किती दिवस हे ठरत होतं? तिच्या समोर, तिला वाढत वाढत, हसत हसत. आणि विहंग एकटा नव्हता. गेल्याच आठवड्यात सासूबाई खोल्या बघायला आल्या होत्या. बंगाली लोक काय करतात मला ठाऊक नाही, पण आमच्यात नारळ फोडतात, असं म्हणून त्यांनी स्वतः उंबऱ्यावर नारळ फोडला होता, तिच्या हातावर खोबरं ठेवलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता. तेव्हाही त्यांना माहीत होतं. विहंगचा राग आला होता, पण ते खोबरं आठवलं तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. तिने मान खाली घालून ते कोरडे होऊ दिले.

गुरुदत्त आता निवडणुकीवर आले होते. पारमिताने फोन उचलून मांडीवर ठेवला आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत ती थांबली.

"बाबा," ती हिंदीत म्हणाली, "गाडी मत बेचिए."

गुरुदत्तांचा घास हातातच राहिला. विहंगने आईकडे पाहिलं. आईने भाताच्या पातेल्याकडे पाहिलं.

"मुझे लगेगी," पारमिता म्हणाली. "रोज सियालदह जाना है."