सोलवटलेली पाठ

नर्सने चादर ओढली, तर मास्तरांच्या पाठीची कातडी चादरीबरोबरच निघाली. ओल्या कागदासारखी. लेक बघत राहिली. तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

“आठवा, मास्तर,” डॉक्टर म्हणाले. “महिनाभरात कुठली गोळी घेतली? सांध्यांची, झोपेची, प्रेशरची?”

मास्तरांचे ओठ फुटले होते, बोलताना रक्त येत होतं. पण शिंप्याची जीभ, कात्रीसारखीच. “चौसष्ट वर्षांत गोळीला शिवलो नाही. शिवतो ते कपडेच.”

डॉक्टर लेकीला बाहेर घेऊन गेले. “औषधाशिवाय असं सहसा होत नाही. जे काय असेल ते परत पोटात गेलं, तर हाती लागायचे नाहीत.”

“आईला बोलू नकोस,” लेक आत आल्यावर मास्तरांनी बजावलं. “तिला आधीच प्रेशर. साधं पुरळ उठलंय म्हणून सांग.”

लेकीने तसंच सांगितलं. खाली दुकान, वर घर. गुडघ्यांमुळे आईला जिना उतरवत नव्हता, त्यामुळे ती हॉस्पिटलात आलीच नाही.

बाराव्या दिवशी मास्तरांना सोडायचं ठरलं. सकाळपासून लेकीने घराची झडती घेतली. नवा साबण फेकला. डोकेदुखीचा बाम फेकला. रंगाचा उग्र वास येणारा कापडाचा तागा शेजाऱ्याकडे नेऊन टाकला.

“मलाही टाकून ये एकदाची,” आई म्हणाली.

“तुला कोण ठेवून घेणार?”

किती दिवसांनी दोघी हसल्या.

दुपारी मास्तर जिना चढून आले, पाठ न टेकता खुर्चीत बसले. आईने कोमट दूध दिलं. त्यांनी घटाघट संपवलं.

“हॉस्पिटलातलं दूध म्हणजे नुसतं पाणी,” ते म्हणाले. “चव आहे ती हिच्याच हाताला.”

लेक पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. तळाशी पांढरा गाळ होता.

“आई, साखर विरघळलीच नाही.”

आईने दार लोटून घेतलं. “हळू बोल. मागच्या महिन्यात ह्यांचं प्रेशर दोनशे निघालं. गोळीचं नाव काढलं की अंगावर येतात. मग काय, माझ्यातलीच अर्धी रोज दुधात घालत होते.”

तिने लेकीच्या हातातून पेला घेतला, नळाखाली धरला.

“मध्ये बारा दिवस बुडाले ना, म्हणून आज अख्खी दिली.”