एकाच डब्यातला भंडारा

सांगलीच्या डॉक्टर संयोगिताबाईंचं पत्र बिराप्पाअण्णांच्या मुलाबरोबर येऊन अकरा दिवस झाले होते आणि अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात विचारणा एकच होती. 'बाळाच्या नाळेला काय लावलं होतं? घरचे काहीच नाही म्हणतात. तुमच्या वस्तीवरचं हे दुसरं बाळ.'

अण्णांचा नातू अजून सांगलीच्या दवाखान्यातच होता. जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते; सहा आठवडे इंजेक्शनं. अण्णांनी तीस वर्षं वाचनालय सांभाळलं होतं. नाळ कोरडी ठेवावी, एवढं त्यांनी वाचलेलं होतं. पण पाचवीला बिरोबाचा भंडारा नाळेला लावायचा मान वस्तीतल्या थोरल्याचा, म्हणजे त्यांचाच. आपल्याला काय कळतं, असं वाटून त्यांनी नातवालाही लावला होता. दवाखान्यातही सगळ्यांबरोबर 'काहीच नाही' म्हणून मान हलवली होती.

आज शेजारच्या धुळाच्या नातीची पाचवी. धुळानं हळदीनं भरलेली वाटी पुढं केली.

"लावा की आण्णा. समदी खोळंबल्यात."

"त्याच डब्यातला का रं?"

"मग? जत्रंपासनं त्योच हाय. डबा बदलला म्हून देव बदलतोय व्हय?"

बायका हसल्या.

अण्णांनी चिमूट घेतली. पोरीच्या पोटावर नाळेचा काळपट देठ अजून ओलसर होता. हात तिथंच थांबला.

"माझा नातू ह्यानंच आजारी पडला," ते पुटपुटले.

"काय म्हंता?" बायकांनी विचारलं.

"एवढं बोलायला मला महिना लागला, आन तुमी म्हंता काय म्हंता," अण्णा वैतागून म्हणाले. "नाळेला कायबी लावायचं न्हाई. नातवाला मीच लावला. आन डॉक्टरनं इचारलं तवा मीच गप बसलो."

बाळंतीण समीक्षानं पोरीचं झबलं हळूच खाली ओढलं. अण्णांनी ती चिमूट पोरीच्या कपाळाला लावली.

"तुमी वाचलेली माणसं," धुळा म्हणाला, "आदी सांगायचं हुतं की."

अण्णा उठून वहाणा घालू लागले.

घरी येऊन त्यांनी डॉक्टरांना चार पोस्टकार्डं लिहिली. पहिल्या तिन्हींत 'वस्तीवर अशी प्रथा आहे' असं होतं, ती फाडली. चौथ्यावर फक्त एवढंच. 'भंडारा. मी लावला.'

कार्ड टपालपेटीत पडलं, तेव्हा त्याच्या कडेला पिवळं बोट उमटलेलं होतं.