मैद्याची बोटं

बेकरीवाल्या काकांनी हात लावला की तिथे मैद्याची बोटं उठायचीच, दारावर, चादरीवर, मोबाइलवरसुद्धा. लग्नाची निम्मी वर्षं ती बोटं पुसण्यातच गेली, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आज काकूंचे दोन्ही पाय सुजले होते. बेकरीच्या मागच्या खोलीत त्या पोत्यावर पाय टेकवून बसल्या होत्या आणि डॉक्टरीणबाई मोबाइलच्या पडद्यावर होत्या.

"काका, घोट्याच्या वर बोटाने दाबा. खड्डा पडतो का?"

काकांनी सवयीने आधी हाताला मैदा लावला, मग दाबलं.

"हे पांढरे डाग कधीपासून?" डॉक्टरीणबाई दचकल्या.

"लग्न झाल्यापासून," काकू म्हणाल्या.

काकांचं मात्र लक्ष बोटांत होतं. "पावाचं पीठ दाबलं तर तीन मोजेपर्यंत वर येतं. हे वीस मोजले तरी येत नाही. आणि डॉक्टर, उजवा पाय गार आहे. डाव्याची पोटरी मात्र भट्टीजवळ ठेवल्यासारखी गरम लागतेय."

डॉक्टरीणबाई एकदम गंभीर झाल्या. "हे मला इथून दिसलंच नसतं. असेच उठा आणि मोठ्या दवाखान्यात जा. मी कळवते."

तिथे पोटरीत रक्ताची गाठ निघाली. वेळेवर आलात, तपासणारे डॉक्टर म्हणाले; मोठे डॉक्टर अजून यायचे होते. नर्स ओल्या कापसाने पायावरची पांढरी बोटं पुसायला वाकली, तशा काकूंनी तिचा हात धरला.

"थांब गं. आधी मोठ्या डॉक्टरांना बघू दे. आमच्या ह्यांनी तपासलंय तिथे."