दोन बोटं कापड

भाव पडले, मजूर परवडेनात, म्हणून यंदा घरच्यांनीच कापूस वेचला आणि सगळ्यांच्याच पाठी दुखल्या. त्यात मेघनाच्या पाठीकडे कोणी पाहिलं नाही. स्वतःच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तिनं गेल्या वर्षीचा ड्रेस घातला, तर सलवार जमिनीवर लोळत होती. “सीधी उभी राय,” आई म्हणाली. “सीधीच त हाओ. धुतल्यावर कापड आटते, वाढते काय?” मेघनाचा रक्ताचा कॅन्सर लहानपणी बरा झाला, तेव्हाच नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: या औषधांनी हाडं ठिसूळ होतात, पाठीचे मणके दबू शकतात, मोठेपणीही तपासत राहा. वणीच्या होणाऱ्या सोयऱ्यांना तो आजारच सांगितलेला नव्हता. “मले नागपूरले ने.” “लगन होऊ दे. आता गेलो त गावभर होईन.” आईनं दोन बोटं कापड मोजून कात्री उचलली. “जास्त काप,” मेघना म्हणाली. “लगनापर्यंत मी अजून बुटकी होईन.”