सापाच्या जागी मेंढरं

जुन्या मोबाईलमधला सापाचा गेम तलवाड्याच्या अंजूनं नव्यानं बनवला आणि गावाला फुकट वाटला. सापाच्या जागी तिनं मेंढरांची रांग घेतली, भोवती ओढा आणि हिरव्या चौकटींची शेतं काढली. रांग गायरानात पोचली की जिंकलं, पिकाला तोंड लागलं की बाद.

ओढ्यापलीकडं शेती असलेले शिवशंकरराव आठ दिवस हट्टानं खेळत होते. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरीनं आपल्याला हरवावं, हे त्यांना सहन होईना. टपरीवरचे लोक मुद्दाम विचारायचे, "आप्पा, आज तरी पोचली का मेंढरं?" रांग ओढा ओलांडायची आणि थेट हिरव्यात घुसायची.

बाद.

पुन्हा बाद.

शेवटी ते मोबाईल घेऊन तिच्या दारात उभे राहिले. "लबाड हाय तुझा गेम. ओढ्याच्या पुढं वाटच ठेवली न्हाई तू. मेंढरं जायची कुठून? आजच्या आज नीट कर, न्हाईतर तुझ्या बापाची मेंढरं कोंडवाड्यात घालतो."

अंजूनं त्यांना बसा म्हटलं नाही.



"मी गाव आज हाय तसंच काढलंय, आप्पा. ती वाट तुमीच नांगरली."