धडधाकट जावई

"गोळ्या आजपासूनच सुरू करायच्या," समुपदेशक बाई म्हणाल्या. "रोज, न चुकता. मग बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी कमी राहते."

पाचवा महिना चालू असलेल्या मुलीने मान हलवली. 'बाबांनाही आत बसू दे,' असं तिनेच सांगितलं होतं. बाबा, म्हणजे सुतार, खुर्चीच्या कडेवर कसाबसा टेकला होता. गरोदरपणातल्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला. मग जावयाचं रक्त तपासलं, तर तिथेही तेच. त्याचा आजार बहुधा लग्नाआधीपासूनचा होता. जावयाला त्याचा पत्ताच नव्हता. आता तो बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता.

"म्हणजे माझ्या पोरीच्या संसाराचं वाटोळंच झालं की," सुतार म्हणाला.

"कशाला वाटोळं? दोघांनीही नेमाने औषध घेतलं, तर चारचौघांसारखे जगतील. रक्तात विषाणू सापडण्याइतकाही उरला नाही, तर तो नवरा-बायकोच्या संबंधांतूनही लागत नाही. औषध घेणाऱ्याला काय भ्यायचं, काका? भ्यायचं ते कधी तपासणीच न केलेल्याला."

सुताराचा चेहरा खर्रकन उतरला.

दोन वर्षांपूर्वी एक घड्याळजी त्याच्या दारात आला होता. मुलीचं मन त्याच्यावर बसलं होतं. पाणी प्यायच्या आधी त्याने आपली फाइल पुढे ठेवली. "मला एचआयव्ही आहे. सहा वर्षं गोळ्या घेतोय. आता तपासणीत विषाणू सापडत नाही. तुम्ही खुशाल डॉक्टरांना विचारा." सुताराने फाइल उघडलीसुद्धा नाही. नको नको ते बोलून त्याला हाकलून दिलं. आणि चार महिन्यांत भरदार छातीचा, खणखणीत आवाजाचा जावई शोधून आणला. लाकूड ठोकून पारखणारा माणूस तो. जावईही तसाच पारखला.

बाहेर येताना जिन्यात त्याने मुलीला थांबवलं. तो कठड्याला धरून उभा राहिला.

"पोरी, मी अडाणी. निदान एखाद्या डॉक्टरला विचारायला तरी हवं होतं गं."

मुलीने आवाज चढवला नाही.

"मी विचारलं होतं, बाबा. तेव्हाच. याच बाईंनी हेच सांगितलं होतं. घरी येऊन मी तोंड उघडलं, तर तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात."